मुलांना प्रकाशाची ओळख

पहिली-दुसरीच्या पुस्तकांत प्रकाशाचा पाठ फार आटोपशीर असतो. सूर्य, तारे, काजवा हे नैसर्गिक; पणती, कंदील, विजेचा दिवा हे कृत्रिम. मुलें दोन दिवसांत तें घडाघडा म्हणूं लागतात आणि आपण समाधानानें पुढच्या धड्याकडे वळतों. पण या दोन रकान्यांच्या मधोमध मनुष्याचा हजारों वर्षांचा खटाटोप आहे. तो गाळला तर धड्यांत उरलें काय?

आरंभ चंद्रापासून करावा, कारण मुलें त्याला हटकून पहिल्या रकान्यांत घालतात. चंद्र स्वयंप्रकाशी नाहीं. त्याचें सूर्यासमोरचें अर्धें अंग तेवढें उजळतें, हें आर्यभटानें इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’ंत सांगून ठेवलें आहे. (ताऱ्यांनाही त्यानें याच नियमांत बसविलें, तें मात्र पुढें टिकलें नाहीं.) एक चेंडू व एक मेणबत्ती घेतली कीं पांच मिनिटांत हें वर्गांत दाखवितां येतें.

आमच्या हिंगोली जिल्ह्यांतल्या मुलाला औंढा नागनाथ ठाऊक असतें. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं हें एक. नांवांत ज्योत, पण गाभारा जमिनीखालीं; अरुंद पायऱ्यांनीं वांकून उतरावें लागतें. वर लख्ख ऊन, आणि आंत दिव्यावांचून कांहीं दिसावयाचें नाहीं. प्रकाश डोळ्यांतून निघत नाहीं, तो वस्तूवरून डोळ्यांत यावा लागतो, हें समजण्यास याहून चांगली जागा कोणती?

पूर्वीं दिव्याचें तेल शेतांतूनच येई. करडईचें तेल फोडणीस ठेवावें कीं दिव्यांत घालावें, हा गरिबाच्या घरचा रोजचा प्रश्न होता. म्हणून दिवेलागणीनंतर लवकरच निजानीज होई. १८५५ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत शेतकरी-मजुरांसाठीं रात्रशाळा काढली, तिची थोरवी या तेलाच्या हिशेबांत पाहावी. ज्यांचा सारा दिवस कष्टांत जाई, त्यांना अक्षरओळख व्हावयाची तर ती दिव्याच्याच उजेडांत.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं गॅसचे दिवे लागले. पुढें खनिज तेल आलें, तें गॅस नसूनही लोकांनीं ‘गॅस-लाइट’चें ‘घासलेट’ करून त्यालाच तें नांव दिलें. १९१६ सालीं सुरू झालेल्या ओगले बंधूंच्या कांचकारखान्याचा कंदील तर ‘प्रभाकर’ म्हणून घरोघर पोहोंचला. प्रभाकर म्हणजे सूर्य! माझ्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत कित्येक वह्यांना घासलेटाचा वास येई. ज्या वहीला येत नसे, तिच्यांत अभ्यासही बहुधा नसे.

या नांवांत एक मर्म आहे. करडईचें तेल म्हणजे झाडानें सांठविलेलें ऊनच. आणि खनिज तेल हें प्राचीन समुद्रांतल्या सूक्ष्म जीवांचें, तेही उन्हावरच वाढलेले. ‘मग गुरुजी, कृत्रिम तें काय?’ असें एखादा मुलगा विचारील. त्याला सांगावें कीं, हवा तेव्हां लावावा, नको तेव्हां विझवावा, ही सत्ता कृत्रिम. सूर्यावर ती कोणाची चालत नाहीं.

आतां त्याच औंढा नागनाथ तालुक्यांत निराळाच दिवा लागावयाचा आहे. ६ एप्रिल २०२३ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें लायगो-इंडिया या सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या प्रयोगशाळेस मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनांत ठेवलेल्या दोन भुजांतून लेसरचा किरण फिरवून, दूरवरच्या कृष्णविवरांच्या टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी तेथें टिपावयाच्या आहेत. तो किरण अवरक्त, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा.

न दिसणारा तो प्रकाश कसा, हें दुसरींतलें मूलही विचारील. त्या वेळीं दूरचित्रवाणीच्या रिमोटचें टोंक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. नुसत्या डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पडद्यावर मात्र एक जांभळट ठिपका लुकलुकूं लागतो.