मेडिकलला जाणारी गाडी

2001 सालचा मे. रामाकोन्याच्या स्टेशनावर तुम्ही छोट्या गाडीची वाट पाहताय. छिंदवाड्याहून घाट उतरून येणारी ही नॅरोगेज सौसर, सावनेर करत तुम्हाला इतवारीला सोडेल.

"कुठं चालले, भाऊ?" बाकावरचा म्हातारा विचारतो.

"नागपूरले. मेडिकलला."

"काऊन, काय झालं?"

"टीबी." टीबी चारचौघांत सांगता येते. एचआयव्ही नाही.

नागपुरात, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, डॉक्टर सांगतात, एचआयव्हीवर गोळ्या आहेत, पण विकत. याच वर्षी फेब्रुवारीत सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी हा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केलाय. जगाला ते स्वस्त वाटतं. इथे दिवसाच्या गोळ्यांतच शेतमजुराची दिवसाची मजुरी संपेल.

आता या 1 एप्रिल 2004 वर. सरकार मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा हाच औषधोपचार, सुरू करतंय, आधी सर्वाधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत आणि दिल्लीत. मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी. यादीत मध्य प्रदेश नाही. तुमची बोली, सोयरीक, संत्र्यांचा बाजार सगळं नागपूरकडचं, पण रेशनकार्ड मध्य प्रदेशाचं. त्यात रक्तातल्या सीडी-4 या रोगप्रतिकारक पेशी दोनशेच्या खाली गेल्यावरच सहसा गोळ्या सुरू होणार. म्हणजे माणूस आधी खंगू द्यायचा. गोळ्यांचा साठा तुटपुंजा होता, हे मान्य. तरी त्या रांगेत उभं राहिलं की हा नियम क्रूरच वाटतो.

2017. रुंदीकरणासाठी छोटी गाडी बंद झालीय, तुम्ही बसने निघालात. एप्रिलपासून धोरण बदललंय: तपासणीत संसर्ग आढळला की सीडी-4 कितीही असो, उपचार सुरू. पुढच्या वर्षी, 10 सप्टेंबर 2018 ला, एचआयव्हीबाबतचा कायदाही लागू होईल. संमतीशिवाय तपासणी नाही, एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणं नाही.

आणि आज? डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी, रोज. रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे सौसरच्या आठवडी बाजारात भोंग्यावरून सांगायला हवं.

गोळी फुकट आहे, पण ती आणायला जाण्याचा दिवस फुकट नाही. ऐन कापूस वेचणीत तुम्ही एआरटी केंद्राच्या खिडकीशी उभे आहात. प्रकृती स्थिर असलेल्याला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं मागा.

"ताई, या खेपेले तीन महिन्याच्या द्या. मजुरी बुडते."