नीना सिमोनच्या सात तबकड्या

गाण्याच्या तबकडीला इतिहासाचे साधन मानायला आपले इतिहासकार अजून फारसे राजी नाहीत. ताम्रपट चालतो, बखर चालते, सरकारी दफ्तर तर शिरसावंद्य. पण ज्यांच्या वाट्याला ना ताम्रपट आला ना दफ्तरखाना, त्यांचा इतिहास शोधायचा कुठे? अमेरिकेतील काळ्या माणसांपुरते याचे उत्तर डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 1903 सालीच दिले होते. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथाचे अखेरचे प्रकरण त्यांनी गुलामांच्या शोकगीतांवर लिहिले. बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिले ते याच डुबॉइस यांना. काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेले निवेदन त्यांना पाहायचे होते.

नीना सिमोन या गायिकेच्या जुन्या तबकड्यांच्या संचाकडे मी याच नजरेने पाहते. फिलिप्स कंपनीने 1964 ते 1967 या काळात तिच्या सात तबकड्या काढल्या. 2003 साली त्या चार सीडींच्या संचात एकत्र आल्या आणि 2016 साली पुन्हा सात एलपींच्या पेटीत. अशा संचांसाठी ध्वनी नव्याने साफसूफ करून घेतात, त्याला रीमास्टरिंग म्हणतात. जुन्या मूळ फितीवरून आवाज पुन्हा उतरवायचा, खरखर कमी करायची, खर्ज आणि वरच्या पट्टीचा तोल नव्याने जुळवायचा. पोथीच्या संहितेवर संपादक करतो तसलेच हे काम. आणि संपादकाप्रमाणेच येथेही प्रश्न असतो, की किती पुसायचे? कारण सिमोनच्या फितीवर गाण्याइतकाच महत्त्वाचा आहे तो श्रोत्यांचा आवाज.

ही मुलगी मूळची युनिस वेमन. 1933 साली नॉर्थ कॅरोलायनातील ट्रायन या लहान गावी जन्मली. आई मेथडिस्ट धर्मोपदेशिका, आणि पोटासाठी गोऱ्यांच्या घरी मोलकरीण. बाराएक वर्षांची असताना तिचे पियानोवादन ठेवले होते. पुढे बसलेल्या आईबापांना गोऱ्यांसाठी उठवून मागे बसवले, तेव्हा त्यांना पुढे आणल्याशिवाय मी वाजवणार नाही असे तिने सांगितले. तिला व्हायचे होते शास्त्रीय पियानोवादक. 1951 साली फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने तिला प्रवेश नाकारला. कारण आपला रंग, असे ती जन्मभर म्हणत राहिली. संस्थेच्या बाजूचे लोक म्हणतात, वर्णाचा प्रश्नच नव्हता, आमच्याकडे काळे विद्यार्थी होते. ते खरेही आहे. जॉर्ज वॉकर हा काळा संगीतकार 1945 साली तेथूनच पदवी घेऊन बाहेर पडला होता. पण एक वॉकर दाखवून बाकीच्यांचा हिशेब चुकता होतो काय? आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. राखीव जागेच्या मुलाखतीनंतर ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा मीही एका महाविद्यालयाच्या कागदावर वाचला आहे. त्या शेऱ्यात जात कुठेच नसते. म्हणून तर तो टिकतो. कर्टिसने तिला सन्माननीय पदवी दिली ती 2003 साली, मृत्यूच्या दोन दिवस आधी.

मग पोटासाठी तिने अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो वाजवला. आईला कळू नये म्हणून नाव बदलले आणि युनिसची नीना सिमोन झाली. पहिल्या तबकडीचे हक्क तिने तीन हजार डॉलरांत विकून टाकले. तीस वर्षांनी, 1987 साली, त्याच तबकडीतले एक गाणे अत्तराच्या जाहिरातीमुळे युरोपभर गाजले, तोवर हक्क केव्हाच हातचे गेले होते.

सातांपैकी पहिली तबकडी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील 1964 च्या मैफलींची. तीत ‘मिसिसिपी गॉडॅम’ आहे. 12 जून 1963 रोजी मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याचा खून झाला. 15 सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार काळ्या मुली मेल्या. ही बातमी ऐकताच सिमोन घरातले सामान घेऊन बंदूक बनवायला बसली, असे तिने आत्मचरित्रात लिहिले आहे. माणसे मारण्यातले तुला काही कळत नाही, तुझ्याजवळ संगीत आहे, असे नवऱ्याने म्हटल्यावर तासाभरात हे गाणे झाले. चाल मात्र नाटकातल्या हलक्याफुलक्या गाण्याची. बहुतांशी गोरे श्रोते आरंभी हसतात. ते हसणे फितीवर स्पष्ट ऐकू येते. मग ते विरत जाते आणि सभागृह गप्प होते. कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही असा हा पुरावा आहे. दक्षिणेतल्या एका विक्रेत्याने या गाण्याच्या तबकड्या दोन तुकडे करून कंपनीला परत पाठवल्या होत्या.

1965 च्या मार्चमध्ये सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या मोर्चासमोर ती गायली. त्याच वर्षीच्या ‘पेस्टल ब्लूज’मध्ये ‘सिनरमन’ हे आईच्या प्रार्थनासभांतले जुने धर्मगीत दहा मिनिटांहून अधिक चालते. सातही तबकड्यांवर असेच सारे आहे असे मात्र नाही. ‘ब्रॉडवे-ब्लूज-बॅलड्स’मध्ये व्हायोलिनांचा गिलावा जरा जास्तच आहे. शिवाय यातली बरीच गाणी इतरांनी लिहिलेली आहेत.

तिची स्वतःची आणि माझ्या मते सर्वांत मोठी रचना म्हणजे 1966 सालच्या ‘वाइल्ड इज द विंड’मधील ‘फोर विमेन’. 2003 च्या संचाला नाव दिले तेही याच गाण्याचे. चार स्त्रिया एकामागून एक आपला रंग, केस, पाठ, कंबर सांगतात आणि शेवटी नाव. पहिली गर्द काळी, ओझी वाहणारी. दुसरी पिवळसर, गोऱ्या धनिकाने आईवर केलेल्या बलात्कारातून जन्मलेली, दोन्ही जगांत उपरी. तिसरी विकत मिळणारी. चौथी गुलामांची लेक, संतापलेली. तिचे नाव किंकाळीसारखे येते. काळ्या स्त्रियांचा अपमान होतो म्हणून काही रेडिओ केंद्रांनी हे गाणे बंद केले होते. मला ते ऐकताना बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी आठवते. मालकाने केवळ माणसे गुलाम केली नाहीत. गुलामांतही रंगाच्या पायऱ्या घडवल्या आणि त्या घडवल्या बाईच्या शरीरावर. त्याच 1966 साली ऑकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. 1972 साली मुंबईत दलित पँथरने ते नाव घेतले. पक्षाचे नाव आले, काळ्या कवींची चर्चा आली. या चौघीजणी मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतात.

आता या पेटीच्या भिंतींविषयी. 1964 ते 1967 हा कालखंड चळवळीने आखलेला नाही, कंपनीच्या कराराने आखलेला आहे. पुढे ती आरसीए कंपनीकडे गेली, म्हणून तिथे पेटी संपते. 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला. तीन दिवसांनी न्यूयॉर्कजवळच्या वेस्टबरी येथे सिमोनची मैफल ठरलेली होती, ती तिने रद्द केली नाही. तिच्या साथीतला बासवादक जीन टेलर याने मधल्या तीन दिवसांत किंगवर गाणे लिहिले, साथीदारांनी ते घाईघाईने बसवले आणि सिमोनने त्याच रात्री गायले. तेही ध्वनिमुद्रित झाले. ते ऐकायचे तर दुसऱ्या कंपनीची दुसरी तबकडी घ्यावी लागते.