षड्ज फिरला की थाट फिरतो
(प्रतिनिधी)

हिंगोली : औंढा नागनाथाच्या मंदिराची कथा या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक असते. नामदेवांना समोर भजन करू दिले नाही, ते मागच्या बाजूला जाऊन बसले आणि मंदिरच त्यांच्याकडे फिरले, अशी श्रद्धा आहे. दगड तेच, खांब तेच. दार मात्र दुसऱ्या दिशेला गेले. संगीतशास्त्रात ज्याला 'मूर्च्छना' म्हणतात आणि पाश्चात्त्य संगीतात ज्याला 'मोड' म्हणतात, ती कल्पना समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण नाही. स्वर तेच राहतात, षड्ज हलतो, आणि सारा डौलच बदलून जातो.

गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी असतेच. तिच्यावरच हा प्रयोग करून पाहता येतो. पांढरी एक हा षड्ज धरून सात पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवल्या की बिलावल थाट मिळतो. पाश्चात्त्य लोक यालाच 'मेजर स्केल' म्हणतात. या सप्तकात दोन जागी स्वरांमधले अंतर अर्ध्या स्वराचे असते : गंधार-मध्यम आणि निषाद-तार षड्ज. बाकी पाचही ठिकाणी ते पूर्ण स्वराचे. थाटांचे सारे रहस्य या दोन अरुंद जागांच्या स्थानात आहे.

आता एकही काळी पट्टी न वापरता पांढरी दोनला षड्ज माना. त्या अरुंद जागा पुढे सरकतात, गंधार आणि निषाद कोमल होतात, काफी थाट तयार होतो. पांढरी तीनवर षड्ज ठेवला तर रे, ग, ध, नि चारही कोमल, म्हणजे भैरवी. पांढरी चारवरून तीव्र मध्यमाचा कल्याण, पाचवरून कोमल निषादाचा खमाज, सहावरून ग, ध, नि कोमल असलेला आसावरी. पाश्चात्त्य नावे याच क्रमाने डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन आणि एओलियन अशी आहेत. बिलावलाचे नाव आयोनियन. उरली पांढरी सात. तिथून निघाले तर पंचमच हाती लागत नाही, शुद्ध आणि तीव्र असे दोन मध्यम मात्र शेजारी येतात. पाश्चात्त्यांनी या सप्तकाला लोक्रियन हे नाव दिले, तरी ते फारसे वापरले नाही. आपल्याकडे पंचमावाचून थाट होत नाही, म्हणून ते बाहेरच राहिले.

येथेच बहुतेक विद्यार्थ्यांची फसगत होते. पांढरी दोनपासून बोटे फिरवली, पण तंबोरा किंवा पेटीचा भरणा पांढरी एकचाच चालू राहिला, तर कानाला काफी ऐकू येणारच नाही. तो बिलावलच राहील, फक्त रिषभापासून सुरू झालेला. सुरुवात कोठून केली याने थाट ठरत नाही; कान कोणत्या स्वराला घर मानतो, याने ठरतो. पाश्चात्त्य संगीताच्या अनेक प्राथमिक पुस्तकांत ही बाब एका ओळीत उरकलेली असते. आपल्याकडे तंबोऱ्यामुळे ती आपोआप शिकली जाते, हा आपल्या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

कोमल होत जाणारे स्वर

षड्ज न हलवताही हेच सहा थाट मिळवता येतात, आणि गायकाला तोच मार्ग अधिक उपयोगी पडतो, कारण त्याची पट्टी ठरलेली असते. कल्याणापासून आरंभ करावा. त्याचा तीव्र मध्यम शुद्ध केला की बिलावल. बिलावलाचा निषाद कोमल केला की खमाज. त्यात गंधार कोमल केला की काफी, मग धैवत कोमल केला की आसावरी, शेवटी रिषभ कोमल केला की भैरवी. प्रत्येक पायरीवर एकच स्वर उतरतो. कल्याणाचा उजेड आणि भैरवीचे आर्जव यांमधला प्रवास पाच पावलांचा आहे, हे पेटीवर एकदा ऐकले की थाटांचे कोष्टक पाठ करण्याची गरज राहत नाही. पट्टी बदलली तर काळ्या पट्ट्या लागतातच. पांढरी दोनवर बिलावल वाजवायचा तर काळी तीन आणि काळी एक घ्याव्या लागतात.

हे दहा थाट ठरवले ते पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी. व्यवसायाने वकील असलेल्या या मुंबईकर विद्वानाने 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मराठीत चार भागांत लिहिला. दक्षिणेत व्यंकटमखीने सतराव्या शतकात ७२ मेल मांडले होते. उत्तरेच्या रागांसाठी भातखंड्यांनी दहा पुरेसे मानले. त्यांपैकी सहा वर आले. उरलेले भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार बिलावलाच्या सप्तकातून षड्ज कितीही फिरवला तरी निघत नाहीत. त्याचे कारण सोपे आहे. भैरवात कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार यांच्यात दीड स्वराचे अंतर पडते. बिलावलात शेजारच्या दोन स्वरांमधले अंतर एका स्वराहून मोठे नसतेच. म्हणून 'सगळे थाट मेजर स्केलमधून निघतात' हे अधूनमधून कानावर येणारे विधान चुकीचे आहे.

आणि बिलावल हाच पाया, हेही काही सनातन सत्य नाही. याच मराठवाड्याच्या भूमीवर, देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. भरताप्रमाणे त्यातही षड्जग्राम आणि मध्यमग्राम यांच्या प्रत्येकी सात अशा चौदा मूर्च्छना आहेत. षड्जग्रामाचे शुद्ध स्वर आजच्या काफीच्या जवळचे होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या हिशेबाने निषादापासून निघणारी 'रजनी' ही मूर्च्छना बिलावलाच्या जवळ जाते. म्हणजे जे आज मूळ, ते तेव्हा शाखा होते. युरोपातही फार वेगळे घडले नाही. मध्ययुगीन चर्चसंगीताच्या आठ मोडमध्ये आजच्या मेजरला स्वतंत्र स्थान नव्हते. १५४७ मध्ये ग्लारेआनुस या स्विस पंडिताने आयोनियन आणि एओलियन यांची भर घातली.

थाट म्हणजे राग नव्हे, हेही सांगायला हवे. भीमपलास आणि बागेश्री दोन्ही काफी थाटातले, पण भीमपलासाच्या आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, तर बागेश्रीत पंचम जेमतेम डोकावतो. आसावरीचे तर आणखी गमतीचे : अनेक जुने गायक ती कोमल रिषभाने गातात, म्हणजे स्वर भैरवी थाटाचे होतात! मूर्च्छनेचा चमत्कार पाच स्वरांच्या रागांत अधिक खुलतो. भूपाच्या सा, रे, ग, प, ध या स्वरांतच रिषभाला षड्ज मानले तर मधमाद सारंग, गंधाराला मानले तर मालकंस, पंचमाला मानले तर दुर्गा आणि धैवताला मानले तर धानी यांचे स्वर मिळतात.

नामदेवांची पदे कोणत्या स्वरांत?

या शास्त्राचा हिंगोलीशी खरा संबंध येतो तो नर्सी नामदेव येथे. कयाधूकाठचे हे गाव परंपरेने संत नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मस्थान मानले जाते. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे १८ रागांखाली दिलेली आहेत; त्यांत आसा, धनाश्री, तोडी, बिलावल, सारंग, मल्हार, भैरव, प्रभाती अशी नावे येतात. १६०४ मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथाने रागांची नावे जपली, पण स्वरलिपी त्यात नाही. नाव टिकले म्हणून सप्तकही तेच टिकले, असे म्हणता येत नाही. तोडीचेच पाहा. उत्तरेत आज तोडी म्हणताच तीव्र मध्यम आणि शुद्ध निषाद डोळ्यांसमोर येतो. कर्नाटक संगीतातल्या तोडीचे स्वर मात्र आपल्या भैरवी थाटाचे आहेत. 'बिलावल' या नावाखालचे नामदेवांचे पद त्या काळी आजच्या शुद्ध सप्तकात गायले जात होते की नाही, हे ग्रंथ सांगत नाही.

घुमान येथे २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा नर्सी ते पंजाब या वाटेची पुष्कळ चर्चा झाली. ती बहुतांशी शब्दांची होती. नामदेवांच्या एखाद्या पदाला आज आपल्या भजनात चाल लावायची, तर ग्रंथातल्या रागनामावर विसंबून पेटी उघडणाऱ्याने आधी एवढे ठरवावे लागते : त्या नावाचा आजचा थाट घ्यायचा, की जुना शोधायचा. पहिला मार्ग सोपा आणि सरावाचा आहे. दुसऱ्यासाठी दक्षिणेकडच्या मेलांपासून जुन्या ग्रंथांतल्या मूर्च्छनांपर्यंत सगळे उलगडावे लागते, आणि तरीही हाती लागेल तो अंदाजच.