ज्यांची पत्रे उरली नाहीत

अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारा पहिला रेल्वेमार्ग १० मे १८६९ रोजी युटामध्ये पूर्ण झाला. पश्चिमेकडचा टप्पा सेंट्रल पॅसिफिक कंपनीने बांधला. तिचे बहुसंख्य मजूर चिनी होते. एका वेळी दहा हजारांच्या आसपास. बहुतेक जण ग्वांगडोंग प्रांतातले. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट त्यांनी हातोड्याने आणि सुरुंगाने फोडला. शिखराजवळचा एकच बोगदा सुमारे ५०० मीटर लांब आहे. गोऱ्या मजुरांपेक्षा त्यांना कमी मोबदला मिळे. १८६७ मध्ये त्यांनी संप केला, तेव्हा कंपनीने अन्नपुरवठा तोडून तो मोडला.

इतकी माणसे राबली, पण त्यांच्यापैकी एकाचेही पत्र किंवा रोजनिशी संशोधकांच्या हाती लागलेली नाही. जे उरले ते कंपनीच्या हिशेबवह्यांत आणि वर्तमानपत्रांत, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले. त्यात हे लोक अफूबाज, जुगारी आणि परके ठरले.

त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना जमिनीकडे वळावे लागले. मजुरांच्या छावण्यांच्या जागी सोया सॉसच्या तपकिरी बरण्यांचे तुकडे, भाताचे वाडगे, मधोमध चौकोनी भोक असलेली चिनी नाणी आणि खेळातल्या काचेच्या सोंगट्या सापडतात. अफूचे डबेही सापडतात; पण त्यांच्या शेजारीच चुलींच्या खुणा आणि अमेरिकी बनावटीच्या वस्तू असतात. एकत्र रांधून जेवणारी, गावची चव जपणारी आणि नव्या मुलखाशी जुळवून घेणारी माणसे त्यातून दिसतात.

वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्स या खाणवस्तीत २ सप्टेंबर १८८५ रोजी गोऱ्या खाणकामगारांच्या जमावाने किमान २८ चिनी मारले आणि त्यांची वस्ती पेटवली. कुणालाही शिक्षा झाली नाही. त्या वस्तीच्या उत्खननात आज जळिताचा थर मिळतो. न्यायालयात जे सिद्ध झाले नाही, ते मातीत शाबूत आहे.

त्याआधीच, १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली होती. १८९२ पासून तिथे असलेल्या चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तो नसेल तर हद्दपारी. बंदीचा कायदा रद्द व्हायला १९४३ साल उजाडले.

ज्यांनी देश जोडणारी वाट घातली, त्यांच्याकडेच देशाने कागद मागितला. एखादा समाज कुठे राहिला, काय खाल्ले, किती राबला, याचा पुरावा दरवेळी कागदावर नसतो. कागद नाही म्हणून तो समाज तिथला नव्हता, असे म्हणण्याआधी जमीन काय सांगते तेही ऐकायला हवे.