झ्युरिकचा दुसरा नंबर

पिंपरी-चिंचवडमध्ये 'सीडॅक' हे संस्थेचं नाव म्हणून फार कमी लोक वापरतात. इथे तो एक कोर्स आहे. 'भावाने सीडॅक केलंय', 'मी पुढच्या बॅचला सीडॅकला बसतेय', 'इंजिनिअरिंगनंतर काहीच नाही झालं तर सीडॅक आहेच'. आकुर्डी-निगडीकडे राहिला असाल तर ही वाक्यं तुम्ही चहाच्या टपरीवर शंभरदा ऐकली असतील. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली मुलं, कॉट बेसिसवर घेतलेली खोली, महिन्याची मेस, सहा महिने सकाळ ते रात्र लेक्चर आणि लॅब, शेवटी कॅम्पस. माझ्या मित्रांपैकी निम्मे तरी या वाटेने आयटीत आले. ज्या नावाची ते प्रवेश परीक्षा देत होते, ते नाव एका यंत्रासाठी जन्माला आलं होतं, हे मात्र त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्या यंत्राची गोष्ट तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलेली असते. अमेरिकेने भारताला सुपरकॉम्प्युटर नाकारला. आपण चिडलो. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी तीन वर्षांत स्वतःचा 'परम' बनवला. झ्युरिकच्या प्रदर्शनात तो जगात दुसरा आला. खाली तिरंगा, हात जोडलेली इमोजी आणि 'प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा'.

हा फॉरवर्ड आला की माझ्यातला पुणेकर खूश होतो आणि माझ्यातला इंजिनिअर वैतागतो. कारण गोष्ट खोटी नाहीये. ती इतकी घासून गुळगुळीत केलीय, की तिच्यात जे खरं कौतुक करण्यासारखं होतं तेच निघून गेलंय.

नाकारण्यापासूनच सुरू करू. १९८७ साली देशात शतकातल्या मोठ्या दुष्काळांपैकी एक पडला. पाऊस आधी कळला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हा पुस्तकी नव्हता. हवामानाचा अंदाज गणिताने काढायचा तर पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला दाब, तापमान, वारा आणि आर्द्रता धरायची आणि पुढच्या काही मिनिटांत काय होईल ते सोडवायचं. मग त्याच्या पुढच्या काही मिनिटांचं. असं दहा दिवसांपर्यंत. हे उत्तर दहा दिवसांच्या आत आलं पाहिजे, नाहीतर तो अंदाज नव्हे, बातमी होते. त्या काळात असं काम करणारं नावाजलेलं यंत्र म्हणजे अमेरिकेतल्या क्रे कंपनीचं एक्स-एमपी. भारताने दोन प्रोसेसरचं मॉडेल मागितलं. हेच यंत्र अण्वस्त्रांचं आणि क्षेपणास्त्रांचं गणितही करू शकतं, म्हणून अमेरिकेने हात आखडता घेतला आणि एका प्रोसेसरचं मॉडेल दिलं, तेही हवामानाच्या कामापुरतं, अटी घालून. ते दिल्लीत बसलं. म्हणजे दार पूर्ण बंद झालं नव्हतं, फटीतून थोडंसं आत सरकवलं होतं. मला विचाराल तर हे नकारापेक्षा जास्त झोंबणारं आहे. कुणी नाही म्हटलं तर निदान विषय संपतो. इथे दुसऱ्याने ठरवलं, की तुम्हाला इतकंच पुरे.

१९८८ मध्ये पुण्यात सीडॅक स्थापन झालं आणि विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारातून कामाला लागलं. प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं. देशात हा एकमेव प्रयत्न होता असंही नाही, हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. बंगळुरूच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये 'फ्लोसॉल्व्हर' १९८६ पासून चालत होता, भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुपम' तयार होत होता. एकाच अडचणीवर चार ठिकाणी डोकी खाजवली जात होती.

पुण्याने काय केलं, ते समजायला एक लग्नघर डोळ्यासमोर आणा. हजार पोळ्या करायच्या आहेत. क्रेची पद्धत म्हणजे विजेच्या वेगाने लाटणारा एकच आचारी, प्रचंड पगाराचा. तो आपल्याला मिळत नाही. मग शेजारपाजारच्या ६४ जणींना बोलवा. एकटी कुणीच त्या आचाऱ्याच्या जवळपास नाही, पण सगळ्या मिळून भरपूर होतात. कागदावर. प्रत्यक्षात कणीक मळणारी एकच असेल तर त्रेसष्ट जणी हात बांधून बसतात. तवे चारच असतील तर लाटलेल्या पोळ्या वाळतात. अवघड भाग लाटणं हा नाहीच. कुणाकडे केव्हा कणीक पोहोचवायची आणि कुणाची पोळी कुठल्या तव्यावर जाणार, हा आहे. पॅरलल कॉम्प्युटिंग ते हेच.

सीडॅकने शेजारणी म्हणून निवडला तो ट्रान्सप्युटर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ही चिप. तिची खासियत अशी, की शेजारच्या चिपशी बोलायला चार तारा चिपमध्येच दिलेल्या. म्हणजे ती एकटीने काम करण्यासाठी बनवलेलीच नव्हती. सर्वांत मोठी गोष्ट, ती बाजारात विकत मिळत होती. अशा चिप्स जाळ्यात जोडून 'परम ८०००' उभा राहिला. नावात संस्कृतमधला 'परम' आहे आणि 'पॅरलल मशीन'ची अद्याक्षरंही. १९९१ मध्ये तो जाहीर झाला. २५६ चिप्सच्या मांडणीत त्याची कमाल क्षमता एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी दशांशी गणितं. तुमच्या हातातल्या मिड-रेंज फोनचा ग्राफिक्स प्रोसेसर आज याच्या शेकडो पट पुढे आहे.

चिप आपली नव्हती, हे वाचून कुणी नाक मुरडेल. मी नाही मुरडणार. यंत्रातलं अवघड काम चिपमध्ये नव्हतं, कणीक पोहोचवण्यात होतं आणि ते इथे झालं. कोणता नोड कोणाशी जोडायचा हे गरजेप्रमाणे बदलता येणारं जाळं आणि 'पारस' नावाचं सॉफ्टवेअर, ज्याच्यामुळे साध्या प्रोग्रामरला या सगळ्या गोतावळ्यावर कोड चालवता येईल. स्टॅकओव्हरफ्लो नाही, गिटहब नाही, विचारायला इंटरनेटच नाही. एका नोडवरचा प्रोग्राम दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत अडकला आणि दुसरा पहिल्याची, तर ६४ पैकी नक्की कोण अडकलंय ते शोधायचं कसं? ज्यांनी कधी डेडलॉक डीबग केलाय त्यांनी इथे दोन मिनिटं टोपी काढायला हरकत नाही.

आता झ्युरिक. परमचा नमुना १९९० मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटिंग प्रदर्शनात चालवून दाखवला गेला. त्या प्रदर्शनात जी यंत्रं प्रत्यक्ष धावली, त्यांत अमेरिकेच्या एका यंत्राच्या मागे परमचा नंबर लागला, अशी ही नोंद आहे. 'त्या प्रदर्शनात जी धावली त्यांत' हे शब्द फॉरवर्डच्या प्रवासात गळून पडले आणि उरलं 'जगात दुसरा'. जगात दुसरा हे तेव्हा ठरवताच आलं नसतं. जगातल्या पाचशे यंत्रांची 'टॉप ५००' यादी सुरू झाली १९९३ च्या जूनमध्ये. शिवाय १९९० मध्येच जपानच्या एनईसीचं एसएक्स-३ आलं होतं, ज्याची कमाल क्षमता बावीस गिगाफ्लॉपपर्यंत जात होती. आपली एक.

मग तो दुसरा नंबर फुसका होता का? मला तसं वाटत नाही. ज्या देशाला दोन प्रोसेसरचं यंत्र द्यायचं की नाही यावर दुसरीकडे बैठका होत होत्या, त्या देशाचं यंत्र भर प्रदर्शनात चालू झालं, लोकांसमोर गणित सोडवलं आणि उत्तर बरोबर आलं. डेमो देणं म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टर लागेपर्यंत जीव वर-खाली होतो. पुढे परम ८००० जर्मनी, ब्रिटन आणि रशियाला विकला गेला. पैसे मोजून कुणीतरी आपलं यंत्र घेतं, हे माझ्या हिशेबात कुठल्याही नंबरापेक्षा मोठं प्रमाणपत्र आहे.

यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून तो कुणी फॉरवर्ड करत नाही. ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडली आणि ती चिपच इतिहासजमा झाली. सीडॅकला पाया बदलावा लागला. आधी इंटेलची आय८६०, मग सनच्या स्पार्क चिप्स. दर वेळी सगळं सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर हलवायचं. १९९८ मध्ये 'परम १००००', १०० गिगाफ्लॉपचा. २००३ मध्ये 'परम पद्म', एक टेराफ्लॉपचा, आणि तो टॉप ५०० मध्ये आला १७१ व्या जागेवर. यादी नसताना दुसरे, यादी आल्यावर १७१ वे. पण पद्म झ्युरिकच्या यंत्राच्या हजारपट मोठा होता. जगही तितकंच पळालं होतं.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या, ज्यांना कुठला नंबर मिळाला नाही. पहिली म्हणजे १९९३ मध्ये सीडॅकने प्रशिक्षणाची शाखा काढली आणि तो डिप्लोमा सुरू झाला, ज्याला आपण नुसतं 'सीडॅक' म्हणतो. दुसरी, कानपूर आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम सीडॅकने पुढे नेलं. साध्या कॉम्प्युटरवर देवनागरी दिसावी म्हणून 'जिस्ट'ची कार्डं आली. भारतीय लिप्यांसाठी जी 'इस्की' संकेतप्रणाली ठरली, तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरच युनिकोडमधली देवनागरीची मांडणी बेतलेली आहे. हा लेख तुमच्या स्क्रीनवर नीट दिसतोय त्यात त्या रटाळ कोष्टकांचा वाटा आहे.

आणि मग २००७. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत रिनो शहरात नवी टॉप ५०० यादी जाहीर झाली आणि चौथ्या जागेवर नाव होतं पुण्याचं. या वेळी सीडॅक नाही, टाटांची कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज. यंत्राचं नाव 'एका'. मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप. पुढे फक्त दोन अमेरिकन यंत्रं आणि एक जर्मन, मागे स्वीडन. भारत पहिल्यांदाच पहिल्या दहांत. मी तेव्हा शाळेत होतो, मला याचा पत्ताही नव्हता. मोठं झाल्यावर यादी उघडून ते नाव पाहिलं तेव्हा एकटाच हसलो होतो, हे कबूल.

'एका'मधले सर्व्हर एचपीचे, प्रोसेसर इंटेलचे. तरीही १४ हजारांहून जास्त कोअर एका कामाला लावून हा वेग काढणं येरागबाळ्याचं काम नाही. कणीक पोहोचवण्याचा प्रश्न इथेही होताच, फक्त बायका ६४ च्या जागी १४ हजार. पण या यादीचा स्वभाव निर्दय आहे. ती दर सहा महिन्यांनी येते. पुढच्याच जूनमध्ये 'एका'चा वेग वाढून १३२.८ टेराफ्लॉप झाला होता आणि क्रमांक उतरून आठवा. २०१२ मध्ये टीसीएसने ती लॅबोरेटरी विकत घेतली. चौथ्या क्रमांकाचं यंत्र आज संग्रहालयातही बघायला मिळत नाही.

मला या सगळ्यात रस वाटायला कारण आहे. मी चाकणला गाड्यांच्या धडकेचं सिम्युलेशन करणाऱ्या टीमसाठी सॉफ्टवेअर लिहितो. खरी गाडी भिंतीवर आपटण्याआधी ती कॉम्प्युटरमध्ये आपटायची. पत्र्याचे लाखो तुकडे पाडायचे आणि धडकेचा सेकंदाचा दहावा भाग साधारण एकेक मायक्रोसेकंदाने पुढे सरकवायचा. म्हणजे लाखभर पायऱ्या, प्रत्येक पायरीला प्रत्येक तुकड्याचं गणित. रात्री जॉब लावायचा, तो शेकडो कोअरवर वाटला जातो, सकाळी चहा घेता घेता बघायचं की ड्रायव्हरच्या गुडघ्याला किती मार बसला. १९९० मध्ये प्रदर्शनात मांडायची गोष्ट आता आमच्या औद्योगिक पट्ट्यात रोजची हमाली आहे. आमच्या टीमलाही मागे एक इंडस्ट्री अवॉर्ड मिळालं. हॉटेलात बुफे, स्टेजवर काचेची ट्रॉफी, लिंक्डइनवर सगळ्यांचे सारखेच फोटो. ट्रॉफी रिसेप्शनवर आहे. ज्या शेड्युलरच्या कोडमुळे रात्रीचे जॉब मध्येच मरायचे थांबले, तो लिहिणारा पोरगा परभणीचा. सीडॅक केलेला. समारंभाच्या रात्री तो शिफ्टवर होता, कारण जॉब चालू होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्यासाठी बुफेतला गुलाबजाम डब्यात आणला होता. तो म्हणाला, 'पाक सांडलाय कीबोर्डवर.'

पुण्याचे नंबर अजून लागत असतात. २०२० मध्ये 'परम सिद्धी' ६३ वा, २०२३ मध्ये 'ऐरावत' ७५ वा. दोन्ही सीडॅकचे आणि दोन्हींच्या पोटात परदेशी चिप्स. त्यावरची सूत्रं कुणी, कुठल्या देशाला, किती विकायच्या यावर आजही अमेरिकेत नियम होतात. क्रेच्या वेळची फट अजून तिथेच आहे, दाराचा रंग तेवढा बदललाय. म्हणूनच २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेले तीन 'परम रुद्र' मला जास्त महत्त्वाचे वाटतात. त्यातले सर्व्हर सीडॅकने भारतात डिझाइन केलेले आहेत. चिप नाही, अजून नाही. पण ती जिच्यावर बसते ती पाटी तरी आपली.

तीनपैकी एक दिल्लीत, एक कोलकात्यात. तिसरा आपल्याच वाटेवर आहे. नाशिक फाट्यावरून निघा, मोशी, चाकणचा तो रोजचा ट्रॅफिक, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला पोहोचा आणि आत खोडदकडे वळा. शेतांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या दिसू लागतात. एकूण तीस. ही जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. दूरच्या आकाशगंगांतून काही मिलिसेकंदांसाठी येणारे रेडिओ लहरींचे झोत तिच्या नोंदींतून शोधणं, हे रुद्रचं एक काम. लहरी इतक्या क्षीण असतात, की जवळपास कुणाचा मोबाइल चालू असला तरी त्या बुडून जातात. आत जाताना फोन बंद करावा लागतो.