परराष्ट्र धोरणाची वळणे : प्रस्तावना

परराष्ट्र धोरण म्हटले की दिल्ली, वॉशिंग्टन, मॉस्को आठवतात. भोंगवलीच्या वाचकाने मात्र या विषयात घरच्या डोंगरांवरून शिरावे. पुरंदर आणि रोहिडा दोन्ही त्याच्या परिसरातले.

जून १६६५. दिलेरखानाने पुरंदराला वेढा घातलेला, वज्रगड पडलेला, मुरारबाजी कामी आलेले. मुघल फौजा राजगड-रोहिड्याखालची गावे जाळीत फिरत होत्या. शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांशी तह केला. २३ किल्ले दिले, १२ राखले आणि विजापूरविरुद्ध मुघलांना साथ देण्याचे कबूल केले. रोहिडा गेला, राजगड, तोरणा राहिले. १६७० मध्ये तह मोडला आणि गेलेले किल्ले एकामागून एक परत येऊ लागले. पुढे १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीसाठी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी मैत्री झाली. बारा वर्षांत तीन वळणे!

ही तिन्ही एका जातीची नाहीत. पहिले बाहेरच्या दडपणाने घडले. तिसरे कोणी लादले नव्हते. ती राज्यकर्त्याची स्वतःची चाल होती. मधल्या वळणात दोन्ही मिसळलेली दिसतात, आणि अभ्यासाला खरी मजा तिथेच आहे.

अमेरिकी अभ्यासक चार्ल्स हर्मन यांनी १९९० मध्ये परराष्ट्र धोरणातल्या अशा बदलाची चार कारणे मांडली : नेता, नोकरशाही, देशांतर्गत उलथापालथ आणि बाहेरचा धक्का. १९९२ मध्ये भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, त्यामागे सोव्हिएत संघाचे विघटन होते, तसाच नरसिंह रावांचा निर्णयही. म्हणजे कारणे सुटी येत नाहीत. मला हर्मन यांची दुसरी मांडणी अधिक उपयोगी वाटते : बदलले ते नेमके काय? प्रयत्नांचा जोर, साधने, उद्दिष्ट की जगाकडे पाहण्याची सगळी दिशाच? पुरंदरला साधने बदलली. उद्दिष्ट बदलले असते, तर १६७० उगवलेच नसते. राज्य जरा वाकले की ‘धोरण फिरले’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एवढा फरक तरी करावा.

नव्या वाचकाला एक विनंती. सिद्धान्तांची पुस्तके थोडी थांबू द्यावीत. आधी ‘हफ्त अंजुमन’ या पत्रसंग्रहातली जयसिंगांची पत्रे वाचावीत आणि भोर तालुक्यातल्याच कारीच्या जेध्यांची शकावली शेजारी उघडून ठेवावी.