पैलवानाला खांब कशाला?

कुस्ती माणसाशी खेळायची असते. समोरचा ढकलतो, ओढतो, हुलकावण्या देतो, घामाने निसटतो. खांब यातलं काहीच करत नाही. तो जमिनीत पुरलेला असतो, एरंडेल तेल लावलेला, गुळगुळीत, वर निमुळता होत गेलेला आणि माथ्यावर बोंड असलेला. मग कुस्तीगिराने आपला वेळ या मुक्या लाकडावर का घालवावा? मल्लखांबाचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला वारंवार पडत आला आहे. त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपण आखाड्याच्या बरेच बाहेर जाऊन पोहोचतो.

आज आपण ज्याला ‘क्रॉस-ट्रेनिंग’ म्हणतो, म्हणजे मुख्य कामाला पूरक म्हणून वेगळाच व्यायाम करणं, ती कल्पना जिममधून आलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या करमणुकीचं एक प्रकरण आहे. त्यात मल्लांनी करायचे निरनिराळे श्रम सांगितले आहेत: भारश्रम म्हणजे वजन उचलणं, भ्रमणश्रम म्हणजे चालणं, सलिलश्रम म्हणजे पाण्यातला व्यायाम आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरचा व्यायाम. राजापुढे कुस्ती करायची ती हौद्यातच, पण तिची तयारी मात्र पाण्यात, रस्त्यावर आणि खांबावर. नुसती कुस्ती खेळून पैलवान पुरा होत नाही, हे त्या काळच्या लोकांना नक्की ठाऊक होतं.

पुढची काही शतकं या खांबाचा माग फारसा लागत नाही. तो पुन्हा ठळकपणे दिसतो पेशवाईच्या अखेरीस. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना मल्लखांबाचे पुनरुज्जीवक मानतात. त्यांची कथा आखाड्यांतून पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांनी पुण्याच्या दरबारात आव्हान दिलं, तरुण बाळंभटांनी ते स्वीकारलं, आणि तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगीला गेले. तिथे झाडांवर खेळणारी माकडं पाहून त्यांना खांबावरच्या पकडी सुचल्या. कथेतल्या माकडांवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की भारी वजनाच्या पैलवानांशी लढायला निघालेला हा माणूस आणखी भारी पैलवान शोधत बसला नाही. त्याने सरावाचा प्रकारच बदलला.

खांबावर नेमकं काय घडतं? अढी घालताना सगळं वजन मांड्यांच्या आतल्या बाजूने तोलायचं असतं, तेही डोकं खाली करून. तेलामुळे हाताच्या बोटांचा फारसा उपयोग नसतो. पकड पायांनी, काखेने, पोटऱ्यांनी धरावी लागते. दसरंगात शरीर उलटं फेकून पुन्हा खांबाशी जुळवून घ्यावं लागतं. प्रत्येक गोष्ट डावी-उजवी दोन्ही बाजूंनी करायची असते. कुस्तीत जोडीदार थोडी तरी सूट देतो, चूक झाकली जाते. खांबावर मात्र पकड ढिली पडली की माणूस तत्काळ खाली घसरतो. कुस्तीत जे दहा डावांच्या गर्दीत एखाद्या वेळी वापरायचं, ते इथे शंभर वेळा, एकट्याने, कुणाचंही हाडबीड न मोडता घोटता येतं. पैलवानाला खांब लागतो तो यासाठी.

१८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला आणि मल्लखांबही गंगाकाठी पोहोचला. तिथून तो कुस्तीच्याही पलीकडे गेला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत होते आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी गावातच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला. त्यात राणी लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमाचं वर्णन आहे: पहाटे आधी मल्लखांबावर कसरत आणि त्यानंतर घोडा. भटजींना व्यायामशास्त्राशी काही कर्तव्य नव्हतं, म्हणूनच ही नोंद मला मोलाची वाटते. राणीला कुणाशी कुस्ती खेळायची नव्हती. पण ज्या मांड्यांनी खांब आवळायचा त्याच मांड्यांनी घोडा सांभाळायचा, हात शस्त्रासाठी मोकळे ठेवून. एप्रिल १८५८मध्ये झाशी पडली तेव्हा ती घोड्यावरून काल्पीला पोहोचली. त्या मजलेचं सगळं श्रेय खांबाला देणं बाळबोधपणा होईल, पण रोजची पहाट त्या रात्रीशी अगदीच असंबद्ध होती असंही म्हणता येत नाही.

हाच विचार दुसरीकडे, अगदी स्वतंत्रपणे, एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याला सुचला. ८ मे १९०२ रोजी मार्टिनिक बेटावरच्या पेले ज्वालामुखीने सें-पिएर हे शहर काही मिनिटांत जाळून टाकलं, सुमारे २८ हजार माणसं मेली. जॉर्ज एबेर हा तरुण अधिकारी तिथल्या बचावकार्यात होता. धडधाकट शरीर आणि प्रसंगी कामी येणारं शरीर यांत अंतर असतं, ही गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली. पुढे लोरियांला नौसैनिकांना शिकवताना त्याने आपली ‘नैसर्गिक पद्धत’ बसवली. चालणं, धावणं, उडी मारणं, चार पायांवर सरपटणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं असे तिचे दहा भाग होते. बलवान व्हायचं ते उपयोगी पडण्यासाठी, हे त्याचं ब्रीद. सोमेश्वराची यादी आणि एबेरची यादी शेजारी ठेवली तर मधली जवळजवळ आठशे वर्षं फारशी जाणवत नाहीत.

एबेरचे अडथळ्यांचे मार्ग फ्रेंच सैन्यात रुजले. फ्रेंच इंडोचायनातल्या लष्करी शाळेत वाढलेला रेमों बेल अशाच मार्गांवर तयार झाला आणि पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गेला. त्या दलात एक जुनी कसोटी आहे. जमिनीपासून २ मीटर ४० सेंटिमीटर उंचीवर टांगलेल्या फळीवर निव्वळ हातांच्या बळावर स्वतःला ओढून चढायचं, तेही गणवेशासह. पायाखालची जमीन गेली तर जवान स्वतःला वाचवू शकेल का, एवढंच ती कसोटी विचारते. रेमोंचा मुलगा दाव्हिद याने याच शिकवणीतून ‘पार्कुर’ उभं केलं.

पण पूरक व्यायामाची आरती ओवाळताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. काहीही केलं तर कशालाही उपयोग होतो, असं शरीर चालत नाही. पोहून हृदय आणि फुप्फुसांना जी ताकद येते ती धावताना बऱ्यापैकी कामी येते, पण धावण्याच्या स्नायूंचा सराव धावूनच होतो. ताकदीचा मोठा भाग हा मज्जासंस्थेने शिकलेला असतो आणि तो शिकलेल्या हालचालीला चिकटून राहतो. म्हणून मुख्य काम सोडून चालत नाही, आणि पूरक व्यायाम निवडताना तो मुख्य कामाला कुठे स्पर्श करतो हे पाहावं लागतं. बाळंभटांच्या परंपरेचं शहाणपण या निवडीत आहे.

गंमत अशी, की पूरक म्हणून जन्मलेल्या गोष्टी यशस्वी झाल्या की स्वतःच मुख्य होऊन बसतात. मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली उज्जैनला झाली, २०१९मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कला जागतिक स्पर्धा भरली. वेताच्या मल्लखांबाची जागा दोरीने घेतली आणि त्यावर मुलींनी जे करून दाखवलं ते डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे. मला त्याचा आनंदच आहे. पण आता खांबावरचा खेळाडू खांबासाठीच तयारी करतो, आणि त्यालाही पूरक व्यायाम लागतो! पार्कुरचंही थोडंफार तसंच झालं.

खेळात हे चालून जातं. काळजी वाटते ती वर्दीच्या कामांची. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांसाठी १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असे एकूण ५० गुण असतात. गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुलं-मुली या गुणांसाठी धावतात, आणि त्यांच्या कष्टाविषयी मला आदरच आहे. नोकरी गुणांवर मिळते, तर ती आणखी काय करणार? पण वर्दी अंगावर आल्यावर काम असतं ते बारा तास बंदोबस्ताला उभं राहण्याचं, गर्दीत दोर धरण्याचं, पुराच्या पाण्यातून म्हातारं माणूस उचलून आणण्याचं. यातलं काहीच सरळ रेषेत धावून येत नाही. चाचणी मोजायला सोपी असावी लागते, हे खरं. पण मोजायला सोपं तेवढंच शिकायचं, अशी सवय लागली की शरीर परीक्षेला तयार होतं आणि प्रसंगाला अपुरं पडतं.

जुन्या तालमींकडून आज घ्यायचं असेल तर मी हेच घेईन. लाल माती, खुराक, लंगोट यांच्या आठवणींत रमणं सोपं आहे. त्यापेक्षा अवघड आहे तो वस्तादाचा हिशेब: या पोराला उद्या काय करावं लागणार आहे, आणि त्यातलं काय त्याला रोजच्या कामातून कधीच शिकायला मिळणार नाही? जे मिळणार नाही, त्याच्यासाठी अंगणात एक खांब पुरायचा.